गुग्गुळ पन्हाळ्यावर उगवत नाही

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभागप्रमुख यांस

विषय: रद्दीत सापडलेले हर्बेरियमचे, म्हणजे कागदावर लावून जपलेल्या वाळक्या झाडांचे, अकरा गठ्ठे, आणि त्यांतल्या गुग्गुळाच्या दोन शीट्स.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार. एकतीस वर्षं मी इथल्याच एका कॉलेजात बॉटनीच्या लॅबमध्ये सहायक होतो. शिकवायचं काम तुमचं. झाडं दाबून वाळवायच्या प्रेसच्या दोऱ्या आवळायचं, ब्लॉटिंग पेपर बदलायचं आणि पावसाळ्यात कपाटांत डांबरगोळ्या टाकायचं काम माझं. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी बी.एस्सी.ला असताना माझ्याकडून नेलेले ब्लॉटिंग पेपर अजून परत आलेले नाहीत. तो हिशेब राहू द्या. आज दुसरंच बोलायचंय, आणि ते विभागात चहा पिता पिता बोलण्याजोगं नाही, म्हणून उघड लिहितोय.

मे महिन्यात लक्ष्मीपुरीतल्या ओळखीच्या रद्दीवाल्याचा फोन आला. "मामा, तुमच्या लायनीतला माल आलाय बघा. पाला चिकटवलेला जाड कागद. कागद चांगलाय, पर पाला काढत बसायला माझ्याकडं माणूस न्हाई. बघून जाता काय?"

गेलो. सुतळीनं बांधलेले अकरा गठ्ठे, वजनकाट्याशेजारी. वरच्या गठ्ठ्यावर बसून एक पोरगं वडापाव खात होतं. कव्हरांवर कॉलेजचा शिक्का होता, त्यामुळे कुठून आले ते लगेच कळलं. इथं नाव लिहीत नाही. कमिटी येणार, रंगरंगोटी करायची, जुनी लाकडी कपाटं काढून तिथं संगणक मांडायचे, हे आज त्यांच्याकडे झालं, उद्या तुमच्याकडे होईल. रद्दीच्या भावानं वजन करून पैसे दिले आणि रिक्षात घालून घरी आणले.

आधी एक सावधगिरीची गोष्ट. जुन्या शीट्स कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइडच्या स्पिरिटमधल्या द्रावणात बुडवलेल्या असत. मी स्वतः शेकडो बुडवल्यात. चिमटाही बांबूचा वापरायचो, कारण लोखंडाचा त्या द्रावणात गंजून जायचा. तो पारा कागदात वर्षानुवर्षं राहतो. असले कागद रद्दीत गेले की पुढं त्यांत कुणाचा भडंग बांधला जाईल, कुणास ठाऊक. तेव्हा निदान त्या कारणासाठी तरी हर्बेरियम रद्दीत देऊ नका, आणि जुनी शीट उघड्या हातांनी धरू नका. आमच्या मंडळींनी गठ्ठे बघून पहिल्या दिवशीच सांगितलं, "हे गच्चीवरच्या खोलीत. स्वयंपाकघराच्या बाजूला नाही." बरोबरच होतं.

तीन आठवडे निवडत होतो. निम्म्या शीट्सना कसर लागलेली. काही गठ्ठ्यांत तो बारीक तपकिरी किडा, सिगारेट बीटल, पानांची चाळण करून गेलेला. दोन गठ्ठे बहुधा पुरात भिजून वाळलेले, कारण कागदांवर एकाच उंचीवर मातकट रेघ होती. बाकी बऱ्यापैकी. आणि त्यांत गुग्गुळाच्या दोन शीट्स निघाल्या, ज्यांच्यामुळे हे पत्र लिहावंसं वाटलं.

पहिली माउंट केलेलीच नव्हती. एका हिंदी वर्तमानपत्राच्या घडीत तशीच पडून होती. तीन बोडक्या फांद्या, टोकाशी काटा झालेल्या. काट्यांनी कागद चार ठिकाणी फुटलेला. साल पापुद्र्यासारखी सुटलेली, जुन्या भिंतीचा चुना सुटावा तशी. जिवंतपणी त्या पापुद्र्याखाली हिरवं असतं आणि पानं नसली तरी झाड त्या हिरव्यावर आपलं चालवून नेतं. इथं ते वाळून खाकी झालेलं. मधल्या फांदीवर डिंकाचा एक थेंब होता, मसुराच्या डाळीएवढा, कागदाला घट्ट चिकटलेला. नमुना विषात बुडवलेला नाही याची खात्री करून घेतली आणि मग जरासा खरवडून नाकाशी नेला. अजून वास आहे.

सोबत वहीतून फाडलेली चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली. वर 'कॉमिफोरा मुकुल'. खाली: 'जोधपूरबाहेर, खडकाळ टेकडीचा उतार. सोबत थोर, कुमट. पानं नाहीत. लोक गूगळ म्हणतात. खोडावर चिरा दिलेल्या.' बस्स. नाव नाही, नंबर नाही, तारीख नाही.

'गूगळ' बघून मला हसू आलं. मारवाडीतही आपल्यासारखा ळ आहे, आणि मराठी कानानं तो बरोबर टिपला. हिंदी कान असता तर 'गूगल' लिहून मोकळा झाला असता.

तारखेसाठी वर्तमानपत्राकडे वळलो, तर वरचा कोपरा नेमका तारखेच्या जागी उंदरानं कुरतडलेला. पण मागच्या पानावर गावसकर होते. मद्रास कसोटीत वेस्ट इंडिजविरुद्ध तिसावं शतक, ब्रॅडमनचा २९ शतकांचा विक्रम मागे. ते शतक पुढं नाबाद २३६ पर्यंत गेलं, हे कोल्हापुरातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा. म्हणजे १९८३ च्या डिसेंबरची अखेर.

आता इथं हात आवरावा लागतो. 'जोधपूर, डिसेंबर १९८३' असं लेबल टाइप करून चिकटवायचा मोह मला झाला, तुम्हालाही होईल. पण वर्तमानपत्राची तारीख ही फांदी तोडल्याची तारीख नव्हे. सहल जानेवारीत पोचली असेल, धर्मशाळेतली जुनी रद्दी वापरली असेल. म्हणून वेगळ्या चिठ्ठीवर मी एवढंच लिहिलं: 'ज्या कागदात वाळवलं तो डिसेंबर १९८३ च्या अखेरचा, क्रिकेटच्या बातमीवरून. नमुना त्याआधी वाळत घातलेला नसावा. गोळा केल्याची तारीख नोंदलेली नाही.' मूळ चिठ्ठीला हात लावला नाही.

'पानं नाहीत' या दोन शब्दांसाठी मात्र त्या पोराला किंवा पोरीला मी दाद देतो. गुग्गुळाला पावसात पालवी येते आणि पाऊस सरला की पानं गळतात, वर्षाचा बराच काळ झाड नुसतं काट्यांचं असतं. आपल्या सहली निघतात नाताळच्या सुट्टीत. त्यामुळे आपल्या भागातल्या कपाटांत राजस्थानातून आलेला गुग्गुळ बहुतेक बोडकाच भेटतो. पण समोर नुसती बोडकी फांदी असली, तर पानं झाडावरच नव्हती की प्रेसमध्ये गळून हरवली, हे पुढच्या माणसानं कसं ओळखायचं? त्या दोन शब्दांनी ते ठरलं. चिरांचा उल्लेखही तसाच. डिंकासाठी त्या टेकडीवर खोडांना घाव घातले जात होते, याचा तो लेखी पुरावा आहे, भले पेन्सिलीतला.

आता दुसरी शीट. ही अगदी अलीकडची. पांढराशुभ्र कागद, फांदी दोऱ्यानं नीट शिवलेली, पानं शाबूत, त्रिदली, कडा दातेरी. उजव्या कोपऱ्यात छापील लेबल, नाव अगदी आजचं बिनचूक: कॉमिफोरा वायटी. स्थळ: पन्हाळा. अधिवास: जंगल.

त्याच रोल नंबरच्या बाकीच्या शीट्सही गठ्ठ्यात होत्या. तुळस, पन्हाळा. अडुळसा, पन्हाळा. हायड्रिला, पन्हाळा, अधिवास जंगल. पाण्याखाली राहणारी हायड्रिला जंगलात वाढलेली मी पहिल्यांदाच पाहिली. सगळ्यांवर तारीख एकच.

गुग्गुळ कुठला ते मला माहीत आहे. त्या कॉलेजच्या औषधी बागेत पाण्याच्या टाकीशेजारी सिमेंटच्या कुंडीत त्याचं एक रोप आहे, पाटीसकट. फांदी कात्रीनं सरळ कापलेली, कोवळी, लांब, पाणी पिऊन माजलेली. पोरानं बागेतून तोडली, लेबलावर पन्हाळा लिहिलं, मार्क मिळवले. तपासणाऱ्यानं शिवण बघितली, नाव बघितलं, सही केली. पोराचा दोष किती म्हणायचा? त्याच्या आधीच्या बॅचनं तेच केलं. काही ठिकाणी तर परीक्षेच्या आधी तयार शीट्स विकत मिळतात, लेबलाची जागा मोकळी ठेवून.

तुम्ही म्हणाल, मामा, एका पोराच्या सबमिशनवर एवढं काय? सांगतो, पण त्यासाठी आधी झाडाबद्दल बोलावं लागेल.

गुग्गुळ आपल्याला दुकानातून माहीत आहे. महाद्वार रोडवर धूप मागितला की पुडीत तो असतो, किंवा असल्याचं सांगतात. लिंगायत घरांत लग्नाआधी वीरभद्राचा गुग्गुळ निघतो. वैद्यांकडे योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ, कांचनार गुग्गुळ. एवढं घरचं नाव, पण झाड मात्र इथलं नव्हे. त्याचं खरं घर राजस्थानच्या खडकाळ टेकड्या, कच्छ-सौराष्ट्र, आणि सीमेपलीकडे सिंध-बलुचिस्तान. वर्षाला दोन-चारशे मिलिमीटर पाऊस मिळाला तरी भागतं त्याचं. आपल्याकडे गगनबावड्याला तेवढा पाऊस जुलैतल्या दोन-तीन दिवसांत पडून जातो.

हे झुडूप वाढतं सावकाश. डिंक घेण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. चीर नीट दिली तर एका हंगामात पाव-अर्धा किलो डिंक मिळतो. जास्त ओरबाडायला म्हणून खोल घाव घालून त्यांत रसायनाचा लेप भरला की एकदाच भरपूर निघतो आणि झाड वाळून जातं. त्यात निसर्गानं आणखी एक गंमत करून ठेवलीय. गुग्गुळाची नर झाडं फार विरळ सापडतात. मादी झाडं परागकणाशिवायच बी धरतात. त्यामुळे नर फुलांची एखादी शीट कुणाच्या कपाटात असेल तर ती किती मोलाची, ते तुम्हाला मी सांगायला नको. फुलं एवढीशी, तांबूस. लॅबमधल्या भिंगाशिवाय नर-मादी कळणं कठीण. म्हणून तुमच्याकडच्या शीट्स नुसत्या मोजू नका, भिंगाखाली घाला.

मागणी आधीही होतीच. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी आयुर्वेदातल्या मेदोरोगाचा, म्हणजे चरबी वाढण्याच्या रोगाचा, धागा धरून गुग्गुळ आणि रक्तातल्या चरबीचा अभ्यास केला, आणि त्यानंतर ती औषध कंपन्यांपर्यंत पोचली. टेकड्यांवरचं झाड मात्र तेवढ्याच चालीनं वाढत राहिलं. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत बरीच वर्षं त्याच्यासमोर 'माहिती अपुरी' असं लिहिलेलं होतं. २०१५ साली थेट 'अतिसंकटग्रस्त'. आमच्या भाषेत सांगायचं तर पेशंट बरीच वर्षं ओपीडीच्या बाकावर केसपेपरची वाट बघत बसला आणि नाव पुकारलं ते आयसीयूसाठी.

आता ती माहिती कुठून यायची होती? शीट्सवरून. कुठल्या टेकडीवर, कुठल्या साली, कोणत्या महिन्यात, पानं होती का, फळं होती का, चिरा होत्या का. प्रत्येक शीट म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. जुने ठिपके आणि आजचे ठिपके शेजारी मांडले की झाड कुठून नाहीसं झालं ते दिसतं. आजकाल हे ठिपके संगणकात घालून, तिथला पाऊस आणि तापमान जोडून, झाड आणखी कुठं तगेल याचा अंदाज काढतात आणि त्यावरून रोपं लावायच्या जागा ठरवतात. त्या ठिपक्यांत आपलं पोरगं पन्हाळ्याचा एक ठिपका घालतं. बाकीचे सगळे कोरड्यातले, हा एक धो-धो पावसातला. यंत्र बिचारं काय करणार? त्याला कुंडी दिसत नाही.

असल्या नोंदी ध्यानात येतात आणि गाळल्या जातात, असं कुणी म्हणेल. गुग्गुळाची येईल, कारण ती अगदीच हास्यास्पद आहे. पण साताऱ्याचं फूल कोल्हापूरचं म्हणून लागलं, किंवा राधानगरीचं दाजीपूरचं म्हणून, तर कुणाच्या ध्यानात येणार? मला या गुग्गुळापेक्षा त्या नोंदींची धास्ती वाटते.

वाळवंटी झाडांच्या नोंदी म्हणजे राजस्थान्यांचं काम, कोल्हापूरचा काय संबंध, असंही एकानं मला ऐकवलं. त्यांना सांगावंसं वाटतं की या वाळवंटाच्या वनस्पतींचा पहिला मोठा आढावा मुंबईहून झाला. सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर ब्लाटर आणि हालबर्ग जोधपूर-जैसलमेरला जाऊन झाडं गोळा करून आले, आणि त्यांचं काम १९१८ ते १९२१ या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः छापून आलं. त्याच सुमारास टी. एस. सबनीस यांनी त्याच वाळवंटातल्या झाडांची अंतर्रचना पातळ काप घेऊन तपासली, खोडात काय, पानात काय, पाणी राखायला झाड कशी तजवीज करतं. सबनीस हे नाव वाचून मला उगाच अभिमान वाटतो. ब्लाटर यांच्या नावाचं हर्बेरियम झेवियर्समध्ये आजही आहे. शंभर वर्षांनी त्यातली शीट उघडली तरी कामाला येते, कारण कुठून आणली ते त्यांनी लिहून ठेवलं. आपल्याकडेही हे जमलेलं आहे. शिवाजी विद्यापीठाचं हर्बेरियम जागतिक यादीत 'एसयूके' या अक्षरांनी नोंदलेलं आहे, आणि २००२ साली जिल्ह्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ विद्यापीठानं काढला त्याच्यामागं रानोमाळ केलेली पायपीट आहे.

कॉलेजांच्या कपाटांना मात्र असली अक्षरं नाहीत. म्हणून संशोधक तिथं डोकावत नाही, म्हणून प्राचार्यांना ती अडगळ वाटतात, म्हणून ती लक्ष्मीपुरीत जातात. मध्ये कुणाचंच काही चुकत नाही, असं सगळ्यांना वाटतं.

एक मुद्दा नावांचा. माझ्या जुन्या चिठ्ठीवर 'मुकुल' आहे, नव्या शीटवर 'वायटी'. दोन्ही एकाच झाडाची. सिंधमध्ये डॉक्टरकी करणाऱ्या स्टॉक्सनं १८४९ साली 'मुकुल' नाव छापलं. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १८३९ मध्ये, मद्रासकडच्या रॉबर्ट वाइटच्या नावावरून 'वायटी' हे नाव दिलं गेलेलं होतं. वनस्पतिशास्त्रात आधीचं नाव खरं. जोधपूरच्या एम. एम. भंडारींनी १९६० च्या दशकात ते जुनं नाव रीतसर वर आणलं. लोकांच्या तोंडी, बाटल्यांवर आणि आपल्या कपाटांत 'मुकुल' बरीच वर्षं टिकलं. तेव्हा तुमच्याकडे गुग्गुळ नाही असं म्हणण्याआधी 'मुकुल'च्या कव्हरात बघा, आणि अगदी जुनं कपाट असेल तर 'बालसमोडेंड्रॉन' या आणखी जुन्या नावाच्याही. सापडल्यावर जुनं नाव खोडू नका. शेजारी छोटी पट्टी चिकटवा, नवं नाव, तुमचं नाव, तारीख. एका कॉलेजात मी अशा शीट्स पाहिल्या आहेत ज्यांच्यावरचं जुनं लेबलच सोलून काढून त्या जागी नवं चकचकीत लावलेलं. नाव दुरुस्त झालं आणि गाव गेलं.

आता मागणं काय ते सांगतो. फार नाही, आणि पैशाचं तर अजिबात नाही.

सुट्टीत विभागातलं एकेक कपाट उघडा आणि प्रत्येक शीटचा मोबाइलवर फोटो काढा. एक पूर्ण शीटचा, एक फक्त लेबलाचा, अक्षर वाचता येईल असा. स्कॅनरची वाट बघू नका. सरकारी पातळीवर २०२२ मध्ये इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम सुरू झालं तेव्हा त्यात लाखभर शीट्सच्या प्रतिमा होत्या, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे नमुने आहेत तीस लाखांच्या वर. त्या रांगेत आपल्या तालुक्याच्या कॉलेजाचा नंबर लागेपर्यंत कसर थांबणार नाही. एम.एस्सी.ची चार पोरं आणि एक टेबल, एवढ्यात पंधरवड्यात कपाट होतं. लेबल जसं आहे तसं उतरवून घ्या, चुकीच्या स्पेलिंगसकट. तुम्हाला जे कळलं ते वेगळ्या रकान्यात. जागा नसेल आणि काढायचंच असेल तर आधी विद्यापीठाला विचारा, पुण्याच्या सर्वेक्षण कार्यालयाला विचारा. ते सगळं घेणार नाहीत, पण काय ठेवण्याजोगं आहे ते सांगतील. रद्दीवाला हे सांगू शकत नाही, त्याला फक्त वजन कळतं.

आणि सबमिशन. इथं माझं मत जरा कडक आहे. पंचवीस शीट्स मागणं बंद करा. पाच मागा, आघाडा, टाकळा, केना असल्या रस्त्याकडेच्या, कितीही उपटल्या तरी संपणार नाहीत अशा झाडांच्या. पण त्या पाचही स्वतः काढलेल्या, आणि लेबलावर रस्ता, मैलाचा दगड, तारीख, फूल होतं की नव्हतं, सगळं. मार्क शिवणीला देऊ नका, लेबलाला द्या. तोंडी परीक्षेत फक्त विचारा, "हे झाड उभं होतं त्याच्या शेजारी काय होतं?" ज्यानं स्वतः काढलंय तो सांगेल, गटार होतं, चहाची टपरी होती. ज्यानं विकत आणलंय तो छताकडे बघेल. आणि बागेतलं झाड असेल तर 'लावलेलं' एवढा एक शब्द लेबलावर पाहिजेच. दुसऱ्या शीटवर तो असता, तर ती शीट मी आनंदानं जपली असती. कोल्हापूरच्या हवेत कुंडीतल्या गुग्गुळाला पानं किती दिवस राहतात, हीसुद्धा नोंदच की.

खोट्या पत्त्याच्या त्या शीटचं काय करायचं, यावर मी बराच विचार केला. फाडणं जिवावर आलं. शेवटी तिला पट्टी लावली: 'स्थळ चुकीचं. कॉलेजच्या बागेतील कुंडीतील रोप असावं.' वर लाल पेन्सिलीनं फुली.

अकरा गठ्ठ्यांतून निवडून दोनशेच्या आसपास शीट्स ठेवण्याजोग्या निघाल्या आहेत. बहुतेक जिल्ह्यातल्याच, पन्हाळा, जोतिबा, राधानगरी, आंबा घाट. यांतल्या जुन्या शीट्सवरचे पन्हाळे खरे आहेत, अक्षरावरून आणि झाडांवरून कळतं. ज्या विभागाला हव्या असतील त्यांनी न्याव्यात. नेण्याआधी कपाट दाखवा, एवढी माझी अट.

जोधपूरची ती शीट अजून माउंट केलेली नाही. हात थरथरतात आता, आणि काटेरी फांदी शिवायची तर दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या देऊन ती उचलून घ्यावी लागते, नाहीतर गठ्ठ्यात वरच्या शीटला भोकं पडतात. कुणा तरुण सहायकाला करायचं असेल तर त्यानं यावं, मी शेजारी बसून सांगेन. सुटलेल्या सालीसाठी कागदाची पुडी करून कोपऱ्यात चिकटवायची आणि डिंकाचा थेंब आहे तिथंच ठेवायचा. वर्तमानपत्र टाकायचं नाही. ते शीटसोबत राहील असं जो लेखी देईल, त्यालाच ती मिळेल.

आणखी एक विनंती, ही विभागप्रमुखांना नाही. १९८३-८४ च्या हिवाळ्यात कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजातून बॉटनीच्या सहलीला जोधपूरला गेलेलं कुणी हे वाचत असेल, तर थोडं आठवून बघा. आता साठी ओलांडली असेल तुम्ही. शहराबाहेरची खडकाळ टेकडी, थोर, कुमट, खोडावर घाव. पेन्सिलीनं लिहिणारं कोण होतं? 'गूगळ'मधला ळ खाली लांब ओढलेला आहे. टेकडीचं नाव आणि दिवस सांगितलात, तर मी ते तुमच्या नावासकट दुसऱ्या चिठ्ठीवर, आजची तारीख घालून लिहीन.

शीट्स न्यायला येताना खोकं आणा. पिशवीत फांद्या मोडतात.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
कोल्हापूर